न दुखणारी मनगटं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, पण माझी किल्ली शोधत बसू नका. माझ्यात दागिने नाहीत आणि ठेवणीतली लुगडीही नाहीत. माझ्या पोटात दोन ट्यूबलाइट आहेत, पाठीला जालन्याचा जाड पत्रा आहे आणि तोंडावर दुधासारखी पांढरी काच आहे. काचेच्या वरच्या कडेला चार चिमटे आहेत. त्या चिमट्यांत एक्स-रेची काळी फिल्म अडकवली आणि बटण दाबलं, की माणसाच्या आतली हाडं लख्ख दिसतात. डॉक्टर मला व्ह्यू बॉक्स म्हणतात. रामकिसन मामा मात्र नुसतं 'पेटी' म्हणतात, आणि मला तेच जवळचं वाटतं.

तुम्ही म्हणाल, हाडांचा फोटो तर आतल्या खोलीतलं मशीन काढतं, मग तुझा एवढा तोरा कशाला? सांगते. मशीन बंद खोलीत असतं, तिथे माणूस श्वास रोखून बसतो आणि फोटो निघाला की उठून जातो. त्याच्या हाडाचं काय झालं हे त्या मशीनला कधीच कळत नाही. मी मात्र हाडही पाहिलं आणि ते पाहणाऱ्यांचे चेहरेही पाहिले. 'मोडलं नाही' असं डॉक्टर म्हणाले, की समोरच्या बाईच्या खांद्यावरून ओझं कसं उतरतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा थोडा तोरा मला शोभतो.

माझा जन्म तीस वर्षांपूर्वी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत झाला. हरिओम मिस्त्री नावाचे एक कारागीर तिथे कपाटं आणि ट्रंका बनवत. बदनापूर ते जालना रस्त्यावर एक धर्मादाय दवाखाना नवा निघाला होता, त्यांनी मिस्त्रींकडे माझी मागणी केली. अशी पेटी त्यांनी आयुष्यात बनवलेली नव्हती. तरी त्यांनी पत्रा वाकवला, कोपरे घासून गुळगुळीत केले, आत ट्यूब बसवल्या आणि वर काच चढवली. उजेड सगळीकडे सारखा पडतो का हे पाहायला त्यांच्याकडे फिल्म नव्हती. म्हणून त्यांनी आपला पंजाच माझ्या काचेवर ठेवला. त्यांच्या बोटांच्या कडा लाल उजळल्या. त्यांनी पंजा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, "बराबर." माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. पुढे पुष्कळांनी कौतुक केलं, पण ती मला अजून आठवते.

दवाखान्यात मला हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर लावलं. त्याच महिन्यात एक्स-रे काढायच्या कामावर रामकिसन रुजू झाले. बदनापूरचे, चोविशीतले, सायकलवर येणारे. आज सगळा दवाखाना त्यांना मामा म्हणतो, पण त्या वेळी त्यांना मिशीही नीट फुटलेली नव्हती. ते ओली फिल्म दोन बोटांत धरून धावत यायचे. पाणी निथळत असायचं आणि ते म्हणायचे, "जल्दी बघा साहेब, बाहेर लै लोक थांबलेत."

किती हाडं पाहिली म्हणून सांगू. मळणी यंत्रात सापडलेले हात, बैलगाडीवरून पडून मोडलेले खुबे, उसाच्या फडात कोयत्यानं चुकून लागलेली बोटं. बायका मनगटाचा फोटो काढायला यायच्या तेव्हा बांगड्या उतरवाव्या लागत. हात ओका ठेवायला त्या तयार नसत. मग रामकिसन खिशातून लाल दोऱ्याचा तुकडा काढून त्यांच्या हातात देत. दोरा मनगटाला बांधला की त्यांचं समाधान व्हायचं, आणि सुती दोरा फोटोत दिसत नाही. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते रामकिसन यांचं स्वतःचं होतं.

आमच्या भागातली आणखी एक रीत सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यामुळेच घडली. फिल्म पेशंटनं घरी न्यायची असते. पण आमच्याकडची म्हातारी माणसं ती नेत नसत. "घरात हाडाचं चित्र नगं," असं म्हणून बाकावरच ठेवून जात. दुसरा कोणी असता तर त्यानं त्या फिल्म भंगारवाल्याला दिल्या असत्या. फिल्ममधून चांदी निघते म्हणून भंगारवाला दर दिवाळीला चकरा मारायचा. रामकिसन त्याला दारातूनच परत लावायचे. "माणसाचं हाड हाय ते. भंगारात कसं टाकावं?" ते प्रत्येक फिल्म खाकी पाकिटात घालत, पाकिटावर नाव, गाव, तारीख आणि काय दुखतं ते लिहीत. मग वर्षावारी गठ्ठे बांधून अंकुशनगरच्या कारखान्याकडून आणलेल्या साखरेच्या रिकाम्या पोत्यांत भरून जिन्याखाली रचत. सगळे त्यांना हसायचे. खरं सांगायचं तर मीही हसले होते.

आणि खंडेनवमी. त्या दिवशी शेतकरी अवजारांची पूजा करतो, गवंडी थापीची करतो, तसे रामकिसन आमची करत. मशीनला झेंडूचा हार, मला एक छोटी माळ, हळद-कुंकू आणि नारळ. पूजा झाली की वर्षाचा पहिला फोटो ते स्वतःच्या उजव्या मनगटाचा काढत. मशीनची तपासणीही होते आणि पेशंटच्या आधी आपला हात पुढे केल्यासारखंही होतं, असं त्यांचं म्हणणं. ती फिल्म ते माझ्यावर लावत, मान तिरकी करून पाहत आणि म्हणत, "साफ आलाय." मग ती वेगळ्या गठ्ठ्यात जायची. अशी बावीस वर्षं गेली.

नंतर संगणक आला. फोटो आता फिल्मवर येईना, थेट पडद्यावर दिसू लागला. मशीनही नवं आलं, आणि मी भिंतीवर तशीच राहिले. एका उन्हाळ्यात माझी एक ट्यूब गेली, ती कोणी बदलली नाही. चिमट्यांना कोणी ओला रेनकोट लटकवला. मग एका बियाणं कंपनीचं मोठं कॅलेंडर माझ्या तोंडावरच टांगलं गेलं. सहा वर्षं मी त्या कॅलेंडरमागून नुसती तारीख उलटल्याचा आवाज ऐकला. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. खूप वाटलं. काम येत असताना कोणी काम न सांगणं फार जड जातं.

अशात गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता पायल आली. मी कॅलेंडरमागे होते, तरी सगळं ऐकू येत होतं. पायल अंकुशनगरची, एकवीस वर्षांची. वडील साखर कारखान्यात कामाला. ती पोलिस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे कारखान्याच्या मैदानावर धावायची आणि गोळा फेकायची. स्कूटी घसरली आणि उजवा अंगठा मुरगळला, एवढंच निमित्त. आमच्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी फोटो काढायला सांगितला. अंगठा धड होता. पण मॅडम मनगटाचा भाग मोठा करून पुन्हा पाहू लागल्या.

मनगटात आठ छोटी हाडं असतात, मित्रांनो, खडीसारखी एकमेकांत बसवलेली. त्यातलं मधलं एक अर्ध्या चंद्रासारखं असतं. रामकिसन मामा त्याला चांदाचं हाड म्हणतात. कधी कधी त्या हाडाचं रक्त आटतं. मग ते फोटोत खडूसारखं पांढरं दिसू लागतं आणि हळूहळू दबू शकतं. त्या आजाराला किनबॉकचा आजार म्हणतात. पायलचं चांदाचं हाड असंच पांढरं पडलं होतं.

"मनगट दुखतं का गं?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम. अंगठा दुखून राह्यलाय."

"आधी कधी दुखलं होतं? गोळा फेकताना?"

"बिलकुल न्हाई."

मॅडमनी तिला मोठ्या शहरातल्या एका अनुभवी डॉक्टरांकडे दाखवायला पाठवलं. त्यांनी पुस्तकात असतं तेच सांगितलं. हाड पुढे चुरू शकतं, ऑपरेशन लवकर केलेलं बरं. ऑपरेशन म्हणजे काही महिने हात बांधलेला, आणि नंतर मनगट पहिल्यासारखं वाकेलच असं नाही. भरतीची मैदानी चाचणी दीड महिन्यावर आली होती.

आठवडाभरानं पायल आईला घेऊन परत आली. आईचं नाव दैवशाला. ती माझ्या खालच्या बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. "मॅडम, पोरीचं हाड मेलंय म्हणले ते. दुखत बी न्हाई अन् मेलंय. असं कसं असतंय? आता हात कापू द्यावा का न्हाई, तुमीच सांगा."

ज्योत्स्ना मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं, त्यासाठी मी त्यांना अजून मानते. दुसऱ्या कोणी धीर द्यायचा म्हणून काहीही ठोकून दिलं असतं. त्या म्हणाल्या, "ताई, मला नक्की माहीत नाही. पुस्तकात जे लिहिलेलं आहे ते बहुतेक हात दुखतो म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसांवरून लिहिलेलं आहे. ज्याचं दुखत नाही तो येतच नाही. अशी माणसं किती आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं, हे कोणी फारसं मोजलेलं नाही."

पायल म्हणाली, "मंग तुमी मोजा की."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. तिला खरंच वाटलं होतं की मोजता येईल. मॅडम विचार करू लागल्या. दुसऱ्याच कशासाठी तरी मनगटाचा फोटो काढलेले पेशंट शोधायचे, म्हणजे बोट चेंगरलं, कुत्रं चावलं, काटा मोडला, आणि त्यांचं चांदाचं हाड तपासायचं. पण संगणकात फोटो होते फक्त सहा वर्षांचे. सहा वर्षांत आजाराचं पुढे काय होतं ते कसं कळणार?

दाराशी उभे असलेले रामकिसन मामा खाकरले. "हायेत ना मॅडम. जिन्याखाली. एकवीस पोती."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या तोंडावरचं कॅलेंडर निघालं. मामांनी दोन नव्या ट्यूब बसवल्या, साबणाच्या पाण्यानं काच पुसली आणि चिमट्यांना तेलाचं बोट लावलं. बटण दाबताच मी एका झटक्यात लागले, नुसती फडफडही केली नाही. त्या संगणकाच्या पडद्यावर जुनी फिल्म लावता येत नाही, मित्रांनो. ती दाखवायला मीच लागते. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तो पडदा अजून माझ्या समोरच्या टेबलावर आहे.

तीन आठवडे रोज दुपारी पेशंट संपले की काम चालायचं. मामा पाकीट उघडत, फिल्म लावत आणि पाकीट उलटं ठेवत. मॅडमची सक्त ताकीद होती, आधी हाड पाहायचं, मग पाकीट वाचायचं. काय दुखतं ते आधी कळलं तर डोळा तेच शोधतो, असं त्या म्हणत. भिंगातून पाहायच्या, वहीत खूण करायच्या, आणि मग मामांना म्हणायच्या, "वाचा." मामा वाचायचे, "बोट. कडबा कुट्टीत गेलं." किंवा "मनगट. सहा महिने दुखतंय."

चार हजार एकशे सव्वीस पेशंटची मनगटं पाहिली. त्यात अकरा जणांचं चांदाचं हाड पांढरं होतं. अकरापैकी सात जण मनगट दुखतं म्हणूनच आलेले. राहिलेले चौघे भलत्याच कामासाठी आले होते आणि त्यांच्या पाकिटावर मनगटाचं नावसुद्धा नव्हतं. म्हणजे आमच्या दवाखान्यात हजारात साधारण एक माणूस हा आजार घेऊन, तक्रार न करता, आला आणि गेला. मामांनी बोटांवर हिशोब करून पाहिला. "गावच्या जत्रंत हजार मानसं भेटली तर त्यात एक."

"कमीच आहेत," मॅडम म्हणाल्या, "पण आहेत."

चौघांपैकी एक वारले होते. दोघांचा पत्ता लागला नाही. चौथे सापडले, हसनाबादचे अप्पाराव. त्यांची फिल्म अठरा वर्षांपूर्वीची होती. मामांनी हसनाबादच्या ओळखीच्या माणसांकडून फोन नंबर काढला आणि अप्पाराव एसटीनं आले. सत्तरीचे, ताठ, हातात मोसंबीची पिशवी. मॅडमनी सगळं समजावून सांगितल्यावर ते आपल्या मनगटाकडे परक्यासारखं बघत राहिले. "ह्याला काय धाड भरलीय? दोन टाइम म्हैस पिळतो मी." त्यांच्या संमतीनं नवा फोटो काढला. हाड थोडं दबलं होतं. बाजूची हाडं जागेवर होती. अप्पारावांनी मॅडमचा हात असा दाबला, की मॅडमनीच हात सोडवून घेतला.

दैवशालाला हे फोनवर कळवलं तेव्हा तिला धीर आला. पण मॅडम पुन्हा खोलीत येऊन म्हणाल्या, "मामा, एका माणसावरून पोरीचा हात कसा ठरवायचा? अठरा वर्षांचे दोन टोकांचे दोन फोटो आहेत. मधे काय झालं ते दिसत नाही."

शेवटच्या पोत्याच्या तळाशी एक गठ्ठा राहिला होता. त्यावर झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली होती. मॅडमनी विचारलं, हा का उघडला नाही. "ते पेशंटचे न्हाईत मॅडम," मामा लाजून म्हणाले. "माझेच हायेत. खंडेनवमीचे. मशीन तपासायला काढतो दरसाल."

मॅडमनी ते वर्षांच्या क्रमानं माझ्यावर लावले. माझे चिमटे चार, म्हणून चार चार. पहिले चार साफ. पुढचे चारही साफ. मामा शेजारी उभे राहून सांगत होते, "हा जरा काळा आल्ता, औषध जुनं झाल्तं. हा मात्र बराबर आलाय." तिसऱ्या वेळी चार फिल्म लागल्या आणि मॅडमचा हात बटणावरच थांबला.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "फोटो नका पाहू. हाड पाहा."

मामांनी मान तिरकी केली. मग सरळ केली. मग ते अगदी काचेला नाक लागेल इतके जवळ आले. दहाव्या वर्षी चांदाचं हाड जरा उजळ होतं. बाराव्या वर्षी खडूसारखं पांढरं. त्यापुढे दहा वर्षं ते पांढरंच होतं, वरच्या कडेला थोडं चपटं झालेलं, आणि तसंच थांबलेलं. संगणकातले पुढच्या वर्षांचे फोटो मॅडमनी उघडले, त्यांतही तेच.

मामा बाकावर बसले. हजारो माणसांच्या हाडांचे फोटो काढणाऱ्या माणसानं स्वतःचा फोटो दरसाल पाहिला होता, आणि दर वेळी फक्त तो साफ आलाय का एवढंच पाहिलं होतं. त्यांना हसू नका. मी तर ते हाड तेरा वेळा उजेडात धरून दाखवलं होतं आणि मलाही ते दिसलं नव्हतं. माझा सगळा तोरा त्या दुपारी उतरला.

"दुखतंय का?" मॅडमनी विचारलं.

मामांनी मनगट वर केलं, खाली केलं. "न्हाई. कवाच न्हाई."

पण दुसऱ्या दिवसापासून गंमत झाली. मामा चहाचा कप डाव्या हातानं धरू लागले. दार खांद्यानं ढकलू लागले. उजव्या मनगटाला त्यांनी स्वतःच पट्टी गुंडाळली आणि विचारलं की सांगायचे, बारीक बारीक कळ येतीय. इतकी वर्षं न दुखलेलं मनगट कळल्याबरोबर दुखू लागलं. तिसऱ्या दिवशी झाडावरून पडलेला एक दणकट माणूस आला, त्याला टेबलावर घ्यायला कोणी नव्हतं. मामांनी दोन्ही हात घालून त्याला उचललं. संध्याकाळी पट्टी कुठे पडली ते त्यांना आठवेना, आणि कळही आठवेना.

मग ते मॅडमकडे गेले. "मला बी पेशंट करा. केसपेपर काढतो. अकराचे बारा होऊ द्या."

मॅडमनी मान हलवली. "नाही मामा. मोजणी आपल्याकडे पेशंट म्हणून आलेल्यांची आहे. तुम्ही स्वतःहून दरसाल हात पुढे केलात. तुम्हाला धरलं तर आकडा खोटा होईल."

मामांचं तोंड एवढंसं झालं. त्यावर मॅडम म्हणाल्या, "मोजणीत तुम्ही नाही. पण पायलच्या फोटोशेजारी तुमचाच फोटो लागणार आहे."

त्यांनी आमची सगळी मोजणी, अप्पारावांचे दोन आणि मामांचे वर्षावारी फोटो शहरातल्या त्या डॉक्टरांना पाठवले. ते भले गृहस्थ. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. दुखत नाही तोवर थांबायला त्यांचीही हरकत नव्हती. मात्र लक्ष ठेवा, म्हणाले.

चाचणीला अकरा दिवस राहिले होते तेव्हा मायलेकी आल्या. मॅडमनी पायलचा फोटो मुद्दाम फिल्मवर छापून आणला होता. पहिल्या चिमट्यात पायलचं मनगट. पुढच्या तीन चिमट्यांत मामांची मनगटं, बाराव्या वर्षाचं, सतराव्या वर्षाचं आणि बाविसाव्या वर्षाचं. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी जीव ओतून कधी लागले नसेन.

"हे कुणाचे हायेत?" दैवशालानं विचारलं.

मामा पुढे झाले. कोपऱ्यात पाण्याचा भरलेला जार होता, तो त्यांनी उजव्या हातानं उचलला आणि टेबलावर ठेवला. दैवशाला उठली, त्यांचं मनगट तिनं दोन्ही हातांत घेतलं आणि बोटानं चाचपून पाहिलं. "दुखत न्हाई भाऊ?"

"ताई, ह्याच हातानं तुमच्या पोरीचा फोटो काढलाय."

ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाचं असंच राहील असं मी म्हणत नाही. काहींचं पुढे दुखायला लागतं आणि मग इलाज करावाच लागतो. पण आज न दुखणाऱ्या हातावर सुरी चालवायची घाई मी करणार नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. मधे दुखलं तर त्याच दिवशी यायचं, लपवायचं नाही."

"अन् गोळा?" पायलनं विचारलं. इतका वेळ ती फक्त त्या एका वाक्यासाठी थांबली होती.

मॅडमनी माझ्याकडे, म्हणजे माझ्यावरच्या चारही मनगटांकडे, बराच वेळ पाहिलं. "फेक. पट्टा बांधून. सराव दिवसाला दहाच्या वर नाही. आणि पहिल्या कळेला थांबायचं."

पायल खाली वाकून पाया पडायला लागली तेव्हा मॅडमनी तिला धरलं. मग ती मामांच्या पाया पडली. मामांनी डोळे पुसले आणि ट्यूबचा उजेड डोळ्यांत जातोय असं सांगितलं.

पायल भरती झाली, मित्रांनो. पुढे ज्योत्स्ना मॅडमनी जालन्यातल्या डॉक्टरांच्या सभेत आमची मोजणी वाचून दाखवली. शेवटी त्यांनी एक्स-रे बाकावर ठेवून गेलेल्या सगळ्या पेशंटचे आभार मानले, आणि बावीस वर्षं पाकिटं लिहिणाऱ्या रामकिसन यांचे. माझाही एक फोटो दाखवला म्हणतात. मामांनी तो मोबाइलमध्ये मला आणून दाखवला. मी त्यात जरा जाड दिसते, पण चालेल.

आता माझ्या तोंडावर कॅलेंडर नाही. पोती जिन्याखालून निघून कोरड्या कपाटात गेली आहेत. तुम्हाला सांगायचं ते एवढंच. जुनं ते सगळंच जपा असं मी म्हणत नाही, पण टाकण्याआधी कोणाला तरी विचारा. आणि तुमच्या घरात एखादं माणूस असेलच, जे सगळ्यांचं करतं आणि आपलं काही दुखतं असं कधीच म्हणत नाही. त्याच्याकडे एकदा नीट पाहा. तुमच्या कामापुरतं नको, त्याच्यासाठी पाहा.

परवा खंडेनवमी झाली. पायल सहामाही तपासणीला नेमकी त्याच दिवशी आली, केस बारीक कापलेले, चालण्यात ऐट. तिचं हाड जसं होतं तसंच आहे. मामांनी पूजा केली, मला माळ घातली आणि सवयीनं मशीनकडे निघाले. मॅडमनी त्यांना अडवलं. गरज नसताना किरणं अंगावर घ्यायची नाहीत, असं त्यांनी बजावून ठेवलं आहे. मामा घुटमळले. वर्षाचा पहिला हात पुढे न करता त्यांना कामाला लागता येईना.

मग ते माझ्याकडे आले. बटण दाबलं आणि फिल्म न लावता आपला उजवा पंजा माझ्या काचेवर ठेवला. पायलनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आपला पंजा शेजारी ठेवला. नुसता हात ठेवला की माझ्यात हाडं दिसत नाहीत, मित्रांनो. बोटांच्या कडा तेवढ्या लाल उजळतात. मामांनी मान तिरकी करून दोन्ही हातांकडे पाहिलं.

"बराबर," ते म्हणाले.